टीसी लावू की क्रॉप करू? सुपरटेलिफोटो लेन्सची तुलना स्वतः करताना

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे टीसी, हा लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसून चित्र मोठं करणारा छोटा काचेचा जोड. तो हातात आला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी एक चाचणी उरकतात. नुसत्या लेन्सनं एक फोटो, मग मध्ये टीसी लावून दुसरा. दोन्ही संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडायचे, शेजारी शेजारी ठेवायचे आणि नाक मुरडायचं: टीसीनं शार्पनेस खाल्ला. मीही हेच केलं होतं, वर दोन-चार जणांना न मागता सल्लाही देऊन मोकळा झालो होतो.

त्या चाचणीत खोट अशी की दोन फोटोंत पक्षी एकाच आकाराचा नसतो. २× टीसीच्या फोटोत तो दुप्पट मोठा असतो. लहान चित्र नेहमीच रेखीव दिसतं, तेच दुप्पट ताणून बघा म्हणजे कळेल. आपण टीसी घेतो तेच मुळी पक्षी फ्रेममध्ये लहान पडतो म्हणून, आणि टीसी नसता तर तो फोटो क्रॉप करून, म्हणजे कडेचा भाग कापून, मोठा केला असता. तेव्हा टीसीचा सामना नुसत्या लेन्सशी नाहीच, तो क्रॉपशी आहे. पक्षी दोन्हीकडे सारख्या आकाराचा करून मग बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: कॅमेरा काढण्याआधी थोडे आकडे

१.४× टीसी एक स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे तो निम्मा करतो; २× दोन स्टॉप, म्हणजे पाव उरतो. एफ/पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा सेन्सरवर प्रकाश कमी. ४०० मिमी एफ/२.८ लेन्स १.४× लावून ५६० एफ/४ होते, २× लावून ८०० एफ/५.६. ६०० एफ/४ची ८४० एफ/५.६ आणि १२०० एफ/८ होते. लांब टोकाला एफ/६.३ असलेल्या ६०० मिमीच्या झूमला १.४× लावला की ८४० एफ/९, आणि २× लावला की १२०० एफ/१३.

हे आकडे पाहून नवखा माणूस घाबरतो आणि म्हणतो, ‘म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चौपट, नॉइज (फोटोतले दाणे) चौपट!’ इथं जरा थांबा. ६०० एफ/४ लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड ६०० भागिले ४, म्हणजे १५० मिमी. टीसी लागतो मागे, त्यामुळे हे तोंड लहान होत नाही. पक्ष्याकडून जेवढा प्रकाश आत येत होता तेवढाच येतो. फक्त १.४×मध्ये तो सेन्सरवर दुप्पट क्षेत्रफळावर पसरतो आणि २×मध्ये चौपट. तोच प्रकाश जास्त पिक्सेलांना वाटला गेला, म्हणून एकेक पिक्सेल उपाशी दिसतो. पण नुसत्या लेन्सचा फोटो क्रॉप करून पक्षी त्याच आकाराला आणलात, तर त्या पक्ष्यातही तेवढाच प्रकाश असतो आणि नॉइज जवळपास सारखाच दिसतो. डेप्थ ऑफ फील्डचंही, म्हणजे पुढे-मागे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसतं त्याचंही, तसंच. एकाच जागेवरून, पक्षी शेवटी एकाच आकाराचा केला, तर टीसी आणि क्रॉप यांत खोली सारखीच मिळते.

तोंडाचा हा व्यास आणखी एका कामाला येतो. साधारण ८०० मिमीपर्यंत पोचायच्या निरनिराळ्या वाटा एका मापानं मोजता येतात. ४०० एफ/२.८ अधिक २×: १४३ मिमी. ६०० एफ/४ अधिक १.४×: १५० मिमी. मुळातच ८०० एफ/५.६ असलेली लेन्स: १४३. निकॉनची वजनाला हलकी ८०० एफ/६.३: १२७. ६०० एफ/६.३च्या झूमला १.४×: ९५. कॅननची ८०० एफ/११: ७३. भर दुपारी हा फरक जाणवणार नाही. संध्याकाळी झाडाखाली हाच फरक सगळं ठरवतो, आणि काच कितीही उत्तम असली तरी ७३ मिमीच्या तोंडातून १५० मिमीचा प्रकाश येत नाही.

पायरी २: तुमच्या सेन्सरला टीसीचा उपयोग आहे का?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि अर्धं उत्तर इथंच असतं.

प्रकाश छोट्या छिद्रातून जाताना थोडा पसरतो. हे विवर्तन. त्यामुळे एका बिंदूचा सेन्सरवर बिंदू न पडता एक बारीक ठिपका पडतो. हिरव्या प्रकाशात त्याचा व्यास एफ/४ला सुमारे ५.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), एफ/५.६ला ७.५, एफ/८ला १०.७ आणि एफ/११ला १४.८ मायक्रॉन भरतो. आता पिक्सेलचं माप घ्या. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉन, ४५ मेगापिक्सेलचा सुमारे ४.३५, आणि ३२ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) सुमारे ३.२.

६०० एफ/४ लेन्स एफ/४ला ५.४ मायक्रॉनचा ठिपका देते आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा पिक्सेलच ६ मायक्रॉनचा आहे. लेन्स जेवढं बारीक दाखवते तेवढं या सेन्सरला टिपताच येत नाही. टीसी तो तपशील पिक्सेलांच्या मानानं मोठा करतो, आणि मग तो टिपला जातो. इथं टीसी खराखुरा नवा तपशील देतो, १.४× तर बिनधास्त लावा.

उलट, एफ/६.३ची झूम आणि ३.२ मायक्रॉनचे पिक्सेल. ठिपका आधीच साडेआठ मायक्रॉनचा, म्हणजे अडीच पिक्सेल ओलांडून गेलेला. त्यात २× लावला की ठिपका १७ मायक्रॉनचा होतो. सेन्सर आधीच सगळं टिपत होता, टीसी फक्त ताणून देतो. ते काम संगणकही करतो, आणि त्याला ऑटोफोकस लागत नाही. अशा जोडीवर २× घेण्यापेक्षा चार पावलं पुढे कसं जाता येईल ते बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: जोडी बसते का, फोकस करते का?

टीसीची पुढची काच बऱ्याचदा बाहेर आलेली असते आणि ती लेन्सच्या मागच्या टोकात शिरते. म्हणून कंपनीच्या यादीत नसलेल्या लेन्सवर टीसी जबरदस्तीनं बसवू नका, काचेला काच लागेल. कॅननच्या आरएफ १००-५०० झूमचं उदाहरण घ्या. तिच्यावर टीसी बसतो, पण झूम ३०० मिमीच्या पुढे असतानाच. १.४× लावल्यावर तुमच्या हाती राहतात ४२० ते ७०० मिमी, आणि टीसीसकट लेन्स पूर्ण मिटत नाही म्हणून बॅगेतली जागाही बदलावी लागते. हे खरेदीनंतर कळलं की चडफड होते.

फोकसचं सांगायचं तर जुने डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) एफ/५.६पर्यंत फोकस करत. नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत एफ/८ला मधले काही बिंदू चालू राहू लागले. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांनी ही अडचण बरीच दूर केली. २०२० साली कॅननचे आर५ आणि आर६ आले तेव्हा ८०० एफ/११ लेन्सवर २× लावून, म्हणजे एफ/२२लासुद्धा, मधल्या भागात ऑटोफोकस होऊ लागला. होतो, एवढंच. अंधारात किती वेगानं होतो हा वेगळा प्रश्न, आणि त्यासाठी पायरी ८ आहे.

काही लेन्समध्ये टीसी आतच बसवलेला असतो. कॅननची २००-४०० एफ/४ (२०१३), निकॉनची १८०-४०० एफ/४ (२०१८) आणि ४०० एफ/२.८ (२०२२) या त्यातल्या. खटका दाबला की १.४×. धूळ नाही, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) उघडणं नाही, आणि मुळात त्या लेन्सच्या मापानं आखलेली काच. निकॉनच्या ८०० एफ/५.६ (२०१३) सोबत तर १.२५×चा टीसी त्या विशिष्ट लेन्सशी जुळवूनच मिळत असे. एका टीसीचं एका लेन्सशी जमतं आणि दुसरीशी तितकंसं जमत नाही, हे कंपन्यांनाही मान्य आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

पायरी ४: एमटीएफ आलेख, पण डावी बाजूच

एमटीएफ आलेख म्हणजे लेन्स बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा किती ठळक वेगळ्या दाखवते याचा आलेख. बहुतेक कंपन्या त्यात दोन प्रकारच्या रेघा देतात, मिलिमीटरला १० रेघजोड्यांसाठी (एक काळी, एक पांढरी अशी जोडी) आणि ३० रेघजोड्यांसाठी. पहिली ढोबळ कॉन्ट्रास्टची, दुसरी बारकाव्याची. आडव्या अक्षावर फ्रेमच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर असतं, फुलफ्रेमला २१.६ मिमी.

टीसी लेन्सच्या चित्राचा मधला भाग ताणतो. २× लावल्यावर तुमच्या फोटोचा कोपरा म्हणजे लेन्सचा १०.८ मिमीवरचा बिंदू, आणि १.४× लावल्यावर सुमारे १५.४ मिमीवरचा. त्यामुळे आलेखाचा उजवा भाग टीसीवाल्यानं बघायचं कारणच नाही. दुसरं, २× लावून सेन्सरवर ३० रेघजोड्या दिसायच्या असतील तर लेन्सनं स्वतः ६० दाखवायला हव्यात. म्हणून ३०ची रेघ मध्यभागी अगदी छताला टेकलेली आहे का ते पाहा. तिथं लेन्सच्या गाठीशी काही शिल्लक असण्याची शक्यता असते. मध्यभागीच ती खाली आलेली असेल तर ताणायला काही उरलेलं नाही.

एका कंपनीचा आलेख दुसऱ्या कंपनीच्या आलेखाशेजारी ठेवू नका. बरेच आलेख गणितानं काढलेले असतात, प्रत्यक्ष लेन्स मोजून नव्हे, आणि ते काढण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी.

पायरी ५: जागा, वेळ आणि हवा

माझी पहिली चाचणी दुपारी दोनची. मध्ये सिमेंटचं पटांगण, पलीकडे विटांची भिंत, अंतर शंभरेक मीटर. २×च्या फोटोंत विटांच्या सांध्यांच्या सरळ रेघा नागमोडी आल्या होत्या. मी टीसीला दोष दिला आणि तो कपाटात टाकला. तीनेक आठवडे तो तसाच पडून होता. मग एका पहाटे दुसऱ्याच कामासाठी तिथं गेलो असताना सहज त्याच भिंतीवर पुन्हा नेम धरला. विटांचे दाणे मोजावेत असा फोटो आला. टीसी तोच, लेन्स तीच. दुपारी मी काच तपासत नव्हतो, तापलेली हवा तपासत होतो.

काच आणि हवा यांतला भेद ओळखायची एक सोपी युक्ती आहे. फोकस न बदलता एकापाठोपाठ दहा फोटोंचा बर्स्ट घ्या आणि एकच कोपरा दहाही फोटोंत बघा. कधी इथं धूसर, कधी तिथं, असं होत असेल तर दोष हवेचा. दहाही फोटोंत तोच भाग तसाच धूसर असेल तर काच किंवा फोकस. या युक्तीनं माझे नंतरचे कितीतरी तास वाचले.

म्हणून पहाटे किंवा ढगाळ हवेत चाचणी घ्या, मध्ये सिमेंट किंवा डांबर नको, गवत किंवा माती चालेल. गरम खोलीच्या उघड्या खिडकीतून तर मुळीच नको, आतली आणि बाहेरची हवा खिडकीतच भांडत असते. लेन्स अर्धा तास आधी बाहेर ठेवा म्हणजे तीही हवेच्या तापमानाला येते. अंतर २० ते ३० मीटर पुरे.

पायरी ६: फलक आणि ट्रायपॉड

छापील चाचणी-तक्ता नसला तरी बिघडत नाही. एका सपाट फळीवर बारीक छपाईचा कागद, जाडसर विणीचं कापड, एखादं गळून पडलेलं पीस आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला डोक्याचा एक केस एवढं पुरतं. यातलं थोडं मध्यभागी लावा, थोडं चारही कोपऱ्यांत.

केस कशाला? ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर ६०० मिमीनं २० मीटरवरून बघितलं तर फ्रेममध्ये १.२ मीटर रुंदी मावते आणि एक पिक्सेल फळीवर सुमारे ०.१५ मिमी झाकतो. माणसाचा केस ढोबळमानानं ०.०५ ते ०.१ मिमीचा. नुसत्या लेन्सनं तो अर्ध्या पिक्सेलचा, पुसट राखाडी रेघेसारखा येतो, मध्ये मध्ये तुटल्यासारखा. २× लावल्यावर तो जवळपास एका पिक्सेलचा होतो. चांगल्या लेन्सवर तीच रेघ अधिक गडद आणि सलग दिसते. सामान्य लेन्सवर ती फक्त रुंद होते, गडद होत नाही. क्रॉपपेक्षा टीसी काही जास्त देतोय का, हे त्या एका केसावर कळतं.

फळी लेन्सला अगदी समोरासमोर हवी, नाहीतर एक कोपरा फोकसबाहेर जाऊन तुम्ही लेन्सला नावं ठेवाल. फळीच्या मध्यभागी एक छोटा सपाट आरसा चिकटवा आणि कॅमेऱ्यातून बघा. आरशात तुमच्याच लेन्सचं तोंड मधोमध दिसलं की फळी सरळ आहे.

ट्रायपॉडवर लेन्सचा पाया घट्ट करा. १२०० मिमीला फुलफ्रेमचा आडवा कोन जेमतेम १.७ अंश असतो, तिथं शटरचा झटकाही फोटोत दिसतो. इलेक्ट्रॉनिक शटर किंवा इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा वापरा, डीएसएलआर असेल तर आरसा वर बांधा, आणि दोन सेकंदांचा टायमर पुरेल असं समजू नका, पाच-दहा सेकंदांचा लावा. लांब लेन्स बोट लावल्यावर बराच वेळ थरथरत राहते. स्टॅबिलायझर पहिल्या फेरीत बंद ठेवा. उभ्या रेघा स्वच्छ आणि आडव्या पुसट, किंवा उलट, असं दिसलं तर ते कंपन आहे, काचेचा त्यात दोष नाही. शटर स्पीड वाढवून पुन्हा घ्या.

पायरी ७: फोटो घ्या

या फेरीत फक्त काच तपासायची आहे, म्हणून ऑटोफोकसला सुट्टी द्या. स्क्रीनवर चित्र मोठं करून हातानं फोकस करा. एकदाच करून समाधान मानू नका. प्रत्येक वेळी रिंग पूर्ण हलवून नव्यानं फोकस करत पाच फोटो घ्या आणि त्यातला सर्वांत चांगला ठेवा. एकाच फोटोवर दिलेला निकाल बहुतेक वेळा फोकसवरचा निकाल असतो.

आयएसओ सगळीकडे कमीत कमी, सारखाच. उजेडाचा हिशेब शटर स्पीडनं जुळवा. कॅमेरा आणि फळी जागची हलवू नका, फक्त टीसी बदला. छिद्राची मालिका अशी घ्या: नुसती ६०० एफ/४ असेल तर एफ/४, ५.६, ८. १.४×सह एफ/५.६, ८, ११. २×सह एफ/८ आणि ११, त्यापुढे गेलात तर विवर्तनच मोजाल. प्रत्येक जोडीआधी फळीच्या कोपऱ्यात ‘६०० + २×, एफ/८’ अशी चिठ्ठी लावा. रात्री दीडशे फायलींसमोर बसल्यावर या चिठ्ठीचं मोल कळतं.

दोन वेगळ्या लेन्स तपासत असाल, समजा ४०० अधिक २× आणि ६०० अधिक १.४×, तरी जागा तीच ठेवा. पुढे-मागे सरकून आकार जुळवू नका, तो नंतर संगणकावर जुळवायचा आहे. लेन्सवर लिहिलेल्या मिमीवर फार विसंबूही नका. जवळ फोकस केल्यावर बऱ्याच लेन्सचा खरा फोकल लेंग्थ थोडा बदलतो, म्हणून फळीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजून आकार जुळवा.

मग रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) फायली उघडा. शार्पनिंग शून्य, नॉइज रिडक्शन शून्य, व्हाइट बॅलन्स सगळ्यांना एकच. क्रॉप केलेला फोटो १.४× किंवा २× मोठा करून टीसीच्या फोटोशेजारी ठेवा. ४५ मेगापिक्सेलच्या फोटोतला १.४×च्या कोनाचा क्रॉप साधारण २२ मेगापिक्सेलचा उरतो, २×च्या कोनाचा ११ मेगापिक्सेलचा.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक फोटोला त्याच्या गरजेप्रमाणे शार्पनिंग द्या आणि पुन्हा बघा. टीसीचा फोटो मुळात थोडा मऊ असतो, पण त्याच्याकडे पिक्सेल जास्त असल्यामुळे तो शार्पनिंग पचवतो. क्रॉपला तेवढंच दिलं की किनारी दिसू लागतात. माझ्या मते ही दुसरी फेरीच महत्त्वाची, कारण शून्य शार्पनिंगचा फोटो आपण कधी कोणाला दाखवत नाही. तिसऱ्यांदा टीसीचा फोटो लहान करून क्रॉपच्या आकाराला आणा. तिथं दोन्ही सारखेच दिसले, आणि तुमचे फोटो मोबाइलच्या पडद्याबाहेर जाणारच नसतील, तर तुम्हाला टीसीची गरज नाही. मोठी प्रिंट काढणाऱ्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

घरातल्या कोणालातरी फायलींची नावं बदलायला सांगा आणि मगच निवडा. नुकत्याच घेतलेल्या वस्तूच्या बाजूनं आपला डोळा झुकतो, हे मी स्वतःवर पाहिलं आहे.

काय बघायचं? केस आणि पिसाचे तंतू. काळ्या-पांढऱ्या कडेवर जांभळी-हिरवी झालर आहे का ते. फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला आडवी सुटलेली झालर सॉफ्टवेअर काढून टाकतं, पण फोकसच्या पुढे-मागे रंगणारी झालर सहज जात नाही, तिला जास्त गुण कापा. चारपैकी एकच कोपरा सतत धूसर असेल तर काच किंवा माउंट तिरकं आहे. टीसी काढल्यावर तो दोष गेला तर टीसी बदलून घ्या, राहिला तर लेन्स दाखवा.

आणखी एक गोष्ट बघायची, जी फळीवर दिसत नाही: मागची धूसर पार्श्वभूमी. २× लावल्यावर मागच्या काड्या आणि गवत कधी कधी दुहेरी, खरखरीत दिसतात. फळीच्या बऱ्याच मागे फांद्या येतील असे दोन-चार फोटो घ्या. पक्षी शार्प आणि मागे काड्यांचा गोंधळ, असा फोटो मी तरी ठेवत नाही.

उत्तर गोलार्धात असाल तर रात्री एक गंमतही करता येते. ध्रुवतारा जवळपास जागचा हलत नाही, म्हणून तो चाचणीला सोयीचा. फ्रेमच्या मध्यभागी घेऊन जरासा फोकसबाहेर काढा. ठिपक्याची चकती गोल आणि सगळीकडे सारखी उजळ हवी. ती अंड्यासारखी किंवा एका बाजूला जड असेल तर काच केंद्रातून सरकलेली आहे. ध्रुवताऱ्याला सुमारे १८ आर्कसेकंदांवर एक मंद जोडीदारही आहे. हवा शांत असेल तर तो वेगळा दिसतो का ते बघा.

पायरी ८: आता ऑटोफोकस, खऱ्या उजेडात

काच पास झाली तरी जोडी पास झाली असं नाही. टीसी लावला की सेन्सरवर कमी उजेड पोचतो आणि फोकस मंदावतो. कॅननच्या जुन्या ईएफ प्रणालीत तर १.४×सह फोकसचा वेग मुद्दाम निम्म्यानं आणि २×सह तीन चतुर्थांशानं कमी केलेला असे, अचूकपणा टिकावा म्हणून.

इथं शटर स्पीड सारखा ठेवा आणि आयएसओ वाढू द्या, कारण पक्षी उडताना तुम्ही तेच करणार आहात. स्थिर फळीवर ऑटोफोकसनं वीस फोटो घ्या, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून. वीसपैकी किती नेमके आले ते लिहून ठेवा. मग तेच मावळतीच्या उजेडात करा. मग उडणाऱ्या कोणत्याही पक्ष्यावर, एक घिरट्या घालणारी घार पुरेशी आहे, प्रत्येक जोडीनं शंभरेक फोटो घेऊन ठेवण्याजोगे किती ते मोजा. पायरी ७मध्ये पहिली आलेली जोडी इथं आपटी खाऊ शकते. १.४×च्या फोटोत पंखाचा तंतू थोडा कमी दिसेल, पण शंभरातले साठ फोटो हाती लागतील आणि २×चे पंधरा, तर मैदानात श्रेष्ठ कोण हे सांगायला नको.

डीएसएलआरवाल्यांनी फोकसची बारीक दुरुस्ती नुसत्या लेन्ससाठी वेगळी आणि प्रत्येक टीसीसाठी वेगळी करावी. एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

जाता जाता टीसीच्या बाजूनं एक मुद्दा: टीसी लावल्यानं लेन्सचं किमान फोकस अंतर बदलत नाही. म्हणून फुलपाखरं, चतुर अशा जवळच्या छोट्या जीवांसाठी तोच टीसी मॅक्रोचं थोडंफार काम करतो.

निकाल हाती आले की ते वहीत राहू देऊ नका, वही घरी राहते. माझ्या लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीनच ओळी आहेत:

६०० + १.४×: एफ/५.६ पासून चालेल, एफ/६.३ला उत्तम.
६०० + २×: एफ/९, फक्त सकाळी, फक्त बसलेला पक्षी.
ऊन वर आल्यावर: टीसी काढ, जवळ जा.